गवत किती, मशीन केवढं?

दुबईत ऑक्टोबर संपत आला की हवा जरा माणसात येते आणि इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवरचे विषय बदलतात. चार महिने नुसती एसीची सर्व्हिसिंग आणि 'देवा'चं बिल (इथल्या वीज-पाणी मंडळाचं हे लघुनाव, आपल्या लोकांना उच्चारायला फार सोपं जातं) एवढंच चाललेलं असतं. मग एकदम बागा सुरू होतात. वरसानच्या नर्सरी बाजारात मोगरा कितीला, लाल माती कुठे मिळते, कढीपत्त्याचं रोप कोण देईल, असं सगळं. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे: लॉन कापायला बॅटरीचं मशीन घ्यावं, की सरळ रोबो घ्यावा?

हा प्रश्न वाढला त्याला कारण आहे. कोविडनंतर बरीच मराठी कुटुंबं टॉवरमधले फ्लॅट सोडून टाउनहाउस आणि व्हिलांमध्ये राहायला गेली. मागच्या दाराला दोन सतरंज्यांएवढी हिरवळ मिळाली आणि तिच्याबरोबर ती कापायची जबाबदारीही आली. मी स्वतः अजून जुमेरा लेक टॉवर्समध्येच आहे. ए पासून झेड पर्यंतच्या क्लस्टरांपैकी एकात, बऱ्याच वरच्या मजल्यावर. माझ्या मालकीची हिरवळ म्हणजे बाल्कनीतली तुळस आणि गवती चहाची कुंडी. तरीही प्रश्न माझ्याकडे येतो, कारण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री असली की मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं तुम्हाला कळतं असा आपल्याकडे समज आहे. शिवाय सांगलीत आई-बाबांच्या बंगल्यापुढे खरीखुरी बाग आहे, त्यामुळे प्रश्न घरचाही आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्यापैकी बहुतेकांना रोबोची गरज नाही, बॅटरीचं साधं मशीन पुरतं. त्याच्याही आधी हिरवळ किती हवी हे ठरवायला पाहिजे. आणि महाराष्ट्रातल्या घरासाठी मशीन घ्यायचं असेल तर ते इथे बसून परस्पर ठरवू नये. आता कारणं.

गवत कापायचं यंत्र मुळात आलं कापडाच्या गिरणीतून. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाच्या माणसाने गिरणीत कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहिलं, आणि तेच तत्त्व गवताला लावून १८३० साली पेटंट घेतलं. तोवर तिकडच्या जमीनदारांच्या हिरवळी लांब दांड्याच्या विळ्याने माणसं कापत. बडिंगच्या यंत्रातला फिरणारा, पात्यांचा रूळ आजही हाताने ढकलायच्या मशीनमध्ये दिसतो. नंतर पंख्यासारखं आडवं फिरणारं पातं आलं, पेट्रोलचं इंजिन आलं, विजेची वायर आली आणि आता लिथियम बॅटरी. रोबोही काही कालचा नाही. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने सौरऊर्जेवर आपोआप फिरणारं मशीन १९९५ मध्येच बाजारात आणलं होतं.

रोबोचं काम समजून घेतलं की तो कोणासाठी आहे हे आपोआप कळतं. माणूस आठवड्यातून एकदा बरंच गवत कापतो. रोबो रोज किंवा दिवसाआड थोडं थोडं कापतो. त्याच्या पोटाखाली एका मोठ्या पात्याऐवजी दाढीच्या ब्लेडसारखी दोन-तीन छोटी पाती सैल लटकवलेली असतात. तो गवताचे बारीक तुकडे तिथेच टाकतो, ते कुजतात आणि त्यातला नायट्रोजन जमिनीला परत मिळतो. बॅटरी उतरली की स्वतःच जाऊन चार्जिंगला उभा राहतो. जुन्या पद्धतीच्या रोबोला हद्द कळावी म्हणून बागेच्या कडेने वायर पुरावी लागते. नव्यांना उपग्रहांवरून दोन-चार सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा कळते, किंवा ते कॅमेऱ्याने बघतात. इंजिनिअर म्हणून मला हे सगळं आवडतं, खोटं कशाला बोलू!

पण हे यंत्र जिथे वाढलं तिथली परिस्थिती बघा. मोठी, मोकळी, एकसलग हिरवळ. थंड हवा. माणसाची मजुरी महाग. उन्हाळ्यात दर चार दिवसांनी कापावं लागेल एवढं वाढणारं गवत. तिथे रोबोने वाचवलेला वेळ खरोखर तासांत मोजण्यासारखा असतो.

आता दुबईतलं टाउनहाउस घ्या. मागच्या अंगणातली हिरवळ समजा ६० चौरस मीटर. बॅटरीच्या मशीनने ती कापायला पंधरा मिनिटं लागतात, कडा नीट करायला आणखी दहा. रोबो घेतला तर पंधरा मिनिटं वाचतील, पण कडेची दहा वाचणार नाहीत, कारण भिंतीला लागून असलेली शेवटची पट्टी बहुतेक रोबोंना जमत नाही. म्हणजे आठवड्याला पाव तास वाचवायला काही हजार दिरहम. त्यात चार्जिंगच्या जागेवर सावली करायची, कारण लिथियम बॅटरी साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंतच चार्ज करा असं बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं, आणि इथली जुलैतली दुपार ती मर्यादा सहज ओलांडते. उपग्रहावर चालणाऱ्या रोबोला वर मोकळं आकाश लागतं. तीन बाजूंनी उंच भिंती आणि चौथ्या बाजूला घर असलेल्या अंगणात त्याची पंचाईत होते. मुलांचे बॉल, चपला आणि स्प्रिंकलरची डोकी वेगळीच.

एक गोष्ट जिवाची आहे, तीही सांगतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये वेगवेगळे रोबो मेलेल्या साळिंदरांवर (म्हणजे तिकडच्या छोट्या काटेरी हेजहॉगवर) चालवून पाहिले. एकाही रोबोला समोर प्राणी आहे हे त्याला धडकल्याशिवाय कळलं नाही, आणि काहींनी त्यांना गंभीर जखमा केल्या. म्हणून जर्मनीतल्या काही शहरांनी रात्री रोबो चालवायला मनाई केली आहे. दुबईत दिवसा ऊन म्हणून लोक हटकून रात्रीची वेळ लावतात. आपल्या कम्पाउंडमध्ये मांजरीची पिल्लं असतील तर हे लक्षात ठेवा. लहान मुलं अंगणात असताना तर रोबो बंदच हवा, कंपनी काहीही म्हणो.

मग बॅटरीचं मशीन घेताना काय बघायचं? दुकानदार सगळ्यात आधी व्होल्ट दाखवतो. तिथे एक गंमत आहे. एका डब्यावर '१८ व्होल्ट' आणि शेजारच्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं असतं आणि दुसरं जास्त ताकदीचं वाटतं. आत दोन्हीत ओळीने जोडलेले पाचच सेल असतात. प्रत्येकाचे सरासरी ३.६ धरले तर १८ होतात, पूर्ण चार्ज झाल्या झाल्या मोजले तर २०. तीच गोष्ट ३६ आणि '४० मॅक्स'ची. खरा आकडा हवा असेल तर सरासरी व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-अवर. ३६ गुणिले ४ म्हणजे १४४. टाकीत पेट्रोल किती, हे सांगणारा आकडा तो.

दुसरं, बॅटरी कुठल्या कुटुंबातली आहे ते बघा. घरात आधीच ड्रिल किंवा ब्लोअर असेल तर त्याच कंपनीचं, तीच बॅटरी लागणारं, पण बॅटरीशिवाय विकलं जाणारं मशीन बरंच स्वस्त पडतं. तिसरं, उंची कमी-जास्त करायचा खटका एका हाताने सरकतो का, आणि मशीन उचलून स्टोअररूममध्ये ठेवता येतं का. चौथं, पातं कुठे मिळतं. बाकी ॲप, ब्लूटूथ वगैरे सोडून द्या. आणि वापरण्याचा एकच नियम पाळा: एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. सुट्टीवरून परत आल्यावर गुडघाभर वाढलेलं गवत एकदम जमिनीलगत कापलं की खालचा पिवळा दांडा उघडा पडतो आणि तो उन्हात करपतो.

इथे आणखी एक मजा आहे. दुबईतल्या लॉनमध्ये सर्रास लावतात ते 'बर्म्युडा ग्रास' म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन किंवा त्याचा संकर. मराठीत याचं नाव दूर्वा. शेतकऱ्याच्या भाषेत हरळी. ज्या हरळीपायी आमच्या आजोबांनी उसाच्या रानात कमरेचा काटा ढिला करून घेतला, तीच इथे पैसे मोजून, रोज पाणी पाजून वाढवतात. आणि गणपतीत आपण एकवीस दूर्वांची जुडी शोधत बर दुबई गाठतो! असो. मुद्दा असा की हे गवत जमिनीलगत पसरतं आणि कमी उंचीवर, रुळाच्या पात्याने छान कापलं जातं. चाळीस-पन्नास चौरस मीटरपर्यंतची हिरवळ असेल तर बडिंगच्या पद्धतीचं, हाताने ढकलायचं मशीनसुद्धा पुरतं. त्याला बॅटरीही लागत नाही आणि जिमची फीही वाचते.

रोबोच्या बाजूने इथे एक मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "एवढ्या उन्हात माणसाने गवत कापण्यापेक्षा मशीनने कापलेलं काय वाईट?" काहीच वाईट नाही. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. पण घरी येणारा गार्डनर फक्त गवत कापत नाही. ठिबकची नळी तुंबलेली तो बघतो, बोगनवेल छाटतो, खत घालतो, कीड ओळखतो. रोबो आणून आपण त्याच्या कामातला सर्वांत सोपा तुकडा काढून घेतो आणि उन्हातलं बाकीचं काम त्याच्याकडेच ठेवतो. त्याची काळजी असेल तर त्याला सकाळी सहाला येऊ द्या, सावलीत पाण्याचा जार ठेवा, आणि धूर सोडणाऱ्या, हाताला मुंग्या आणणाऱ्या पेट्रोलच्या मशीनऐवजी बॅटरीचं मशीन हातात द्या. रोबोपेक्षा यात त्याचा जास्त फायदा आहे.

आता सांगलीकडे वळतो, कारण परदेशातल्या आपल्यासारख्यांचा खरा मोह तिथे आहे. बाबा सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात. बंगल्यापुढे साधारण १०० चौरस मीटर हिरवळ. इथून रोबो पाठवायचा, वायफायला जोडायचा आणि जेएलटीतल्या बाल्कनीत चहा पीत फोनवर नकाशा बघायचा: आज अंगण ८० टक्के कापून झालं. कल्पना गोड आहे. माझे दोन मित्र या विचारात आहेत. मी मात्र ठाम नको म्हणतो.

पहिलं कारण माती. कृष्णाकाठची काळी माती पावसात चाकाला अशी लिंपते की माणसाची चप्पल सुटत नाही, तर रोबोची चाकं काय फिरणार! गवत वाढतंही नेमकं त्याच दिवसांत. दुसरं, आमच्या अंगणात नारळ आहे. झावळी कधी पडेल सांगता येत नाही. आंब्याच्या कोयी, वाळक्या काटक्या, शेजारच्या पोरांचा चेंडू, हे सगळं रोज उचलल्याशिवाय रोबो सुरळीत चालणार नाही. ते उचलायला वाकणार कोण? ज्याचे गुडघे दुखतात तोच. तो उलटा करून पाती धुणार, दीड-दोन महिन्यांनी बदलणार, तोही तोच. तिसरं, पुरलेली वायर खुरप्याने तुटली की ती शोधून जोडणारा माणूस गावात हवा. वीज गेली, राउटर बंद पडला, की दुबईतून फोन: "बाबा, जरा मागच्या बाजूला जाऊन लाल दिवा लागलाय का बघा." म्हणजे त्यांचं काम कमी करायला पाठवलेलं यंत्र त्यांनाच कामाला लावणार.

चौथं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं एक माळीमामा येतात. आठवड्यातून दोनदा, न सांगता, फाटक उघडून. आई त्यांना चहा देते, बाबा त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलतात. पावसाळ्यात गवत वाढलं की त्यात साप निघतो हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते पायवाटेच्या दोन्ही बाजू आधी काढतात. बाबा दोन दिवस व्हरांड्यात दिसले नाहीत तर आत येऊन विचारणारा तो एक माणूस आहे. आम्ही दोघं भावंडं परदेशात. त्या घरात फोनशिवाय, स्वतःच्या पायांनी येणाऱ्या माणसांची यादी फार मोठी नाही. त्यातलं एक नाव यंत्र पाठवून आपणच कमी करायचं? आपल्या पिढीला आई-बाबांची काळजी वस्तूंमधून पोचवायची सवय लागली आहे. बीपीचं मशीन, कॅमेरा, पाणी शुद्ध करायचं यंत्र. त्यातल्या बऱ्याच वस्तू उपयोगी आहेत. पण जी वस्तू माणसाचं येणं थांबवते, तिची किंमत रुपयांत धरून चालणार नाही.

म्हणजे माळीमामांनी जन्मभर कात्रीने गवत कापावं असं माझं म्हणणं नाही. त्यांचंही वय होतंय. मी त्यांनाच फोनवर विचारलं, काय घेऊ? उत्तर माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा नेमकं होतं. "दादा, मशीन घ्या, पण ब्लेड हितंच मिळंल असं घ्या. आन् उचलून सायकलीवर बांधता आलं पायजे." सायकलवर बांधायचं म्हणजे ते मशीन इतर चार बंगल्यांवरही जाणार. जावं की! त्यांचा वेळ वाचेल, जास्त घरं होतील, हातात दोन पैसे येतील. म्हणून मशीन भारतातच घ्यायचं, जवळपास दुरुस्ती होईल असं बघायचं, आणि ते आमच्या घराचं न ठेवता त्यांच्या मालकीचं करायचं, असं आम्ही घरी ठरवलं आहे.

इथून नेण्याचा विचार असेल तर आधी विमानाचा नियम बघा. लिथियमची सुटी बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातच न्यावी लागते. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वर प्रवासी विमानाच्या सामानात बंदीच. मघाचा गुणाकार इथे कामी येतो. वीज दोन्हीकडे साधारण सारखी, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे चार्जर चालेल, फक्त पिन बदलावी लागेल. पण वॉरंटी बहुतेक वेळा इथेच राहते.

राहिला पाण्याचा प्रश्न. मला तो मशीनपेक्षा मोठा वाटतो. इथल्या उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला दिवसाला साधारण ८ ते १० लिटर पाणी लागतं. म्हणजे १०० चौरस मीटरला ८०० ते १००० लिटर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. एका हिरवळीचं पाणी म्हणजे सहा-सात माणसांचं पाणी! दुबईत ते समुद्राचं पाणी गोडं करून येतं, म्हणजे त्यात वीज ओतलेली असते. महाराष्ट्रात ते कुठून येतं हे आम्हा सांगली-मिरजकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये आमच्याच मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून साधारण पाच लाख लिटर घेऊन. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले होते. मैदानाची हिरवळ आणि माणसाची घागर यांत आधी कोण, हा वाद आपण कोर्टात नेऊन पाहिलेला आहे. घरच्या अंगणाला तो लागू होत नाही असं थोडंच आहे?

म्हणून माझा सल्ला: हिरवळ वापरापुरती ठेवा. चार खुर्च्या मांडता येतील, नातवंडं लोळतील, गणपतीला दूर्वा मिळतील एवढी. बाकी जागेत झाडं लावा. दुबईत घाफ, शेवगा, कडुनिंब चांगले येतात. सांगलीत काय येत नाही ते विचारा. प्लास्टिकची हिरवळ मात्र टाळा. तिला कापावं लागत नाही हे खरं, पण दुबईच्या उन्हात ती इतकी तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही.

रोबो कोणी घ्यावा? ज्यांची हिरवळ चार-पाचशे चौरस मीटरच्या वर आहे, सपाट आणि मोकळी आहे, ज्यांच्या शहरात त्याची दुरुस्ती होते, त्यांनी जरूर घ्यावा. अमेरिकेत, जर्मनीत राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकजण यात बसतील. ज्यांना शारीरिक अडचणीमुळे मशीन ढकलणं शक्यच नाही आणि मदतीला कोणी मिळत नाही, त्यांच्यासाठी तर ते वरदान आहे. बाकीच्यांनी दुकानात जाण्याआधी एक टेप घेऊन अंगण मोजावं, मागच्या तीन महिन्यांची पाण्याची बिलं काढावीत आणि बागेत प्रत्यक्ष कोण काम करतं त्याला काय हवंय ते विचारावं. या तीन गोष्टी झाल्या की मशीन निवडायला इंजिनिअर लागत नाही. तरीही ग्रुपवर विचारलंत तर उत्तर देईन, फक्त आधी अंगणाचं माप कळवा.